कांदा चिरतात, केस कापतात

प्रश्न असा आला आहे: "दोन वर्षांपासून मराठीतून इंग्रजीत भाषांतराची कामं घेतो. व्याकरण बरं आहे, शब्दही बरेच माहीत आहेत. पण जवळजवळच्या अर्थाचे दोन-तीन शब्द समोर आले की हात थांबतो. 'फ्रीडम' की 'लिबर्टी', 'हाउस' की 'होम', 'सेफ्टी' की 'सिक्युरिटी'. शब्दकोशात बघावं तर दोन्हीकडे मराठी अर्थ तोच. मग निवडायचं कशावरून? अशा जोड्या पाठ करायच्या का?" सोबत अडलेली तीन वाक्यंही पाठवली आहेत. त्यांच्याकडे शेवटी येते.

पाठ करू नका. मी सत्तावीस वर्षं हेच काम करते. दस्त, प्रतिज्ञापत्रं, फिर्यादी, जबाब, मधूनच एखाद्याच्या आजोबांच्या आठवणी. माझ्याकडे अशी यादी नाही. सुरुवातीला होती. दोनशेपानी वही, दोन रकाने, लाल पेनाने आखलेले. वही भरली आणि काम जिथे अडायचं तिथेच अडत राहिलं. कारण वहीत मी अर्थ लिहून ठेवले होते, आणि या शब्दांमधला फरक बहुतेक वेळा अर्थात सापडतच नाही. शब्द कुणाच्या शेजारी बसतो, कुणाच्या विरोधात उभा राहतो आणि कुणाच्या तोंडी शोभतो, यात तो असतो.

हे तुम्हाला माहीत आहे, फक्त इंग्रजीत माहीत नाही. माझ्या भावाची सून अमेरिकेत वाढलेली. हौसेने मराठी शिकते. पहिल्या दिवाळीला आली तेव्हा म्हणाली, "काकू, आज मी साडी घातली आणि भाजी कापली." मी म्हटलं, साडी नेसतात आणि भाजी चिरतात. तिने साहजिकच विचारलं, का? आणि शब्दांवर पोट भरणारी मी गडबडले. नारळ फोडायचा, ऊस तोडायचा, फांदी छाटायची, कळी खुडायची, कापड फाडायचं. साडी गुंडाळतात म्हणून 'नेसणे' म्हणावं, तर फेटाही गुंडाळतातच, पण तो बांधतात. शाल पांघरतात. गजरा माळतात, बांगड्या भरतात, चष्मा लावतात, सदरा घालतात. तिच्या इंग्रजीत या सगळ्याला एकच 'वेअर'. शेवटी तिने हात जोडले.

आपल्याला हे कुणी शिकवलं? कुणीच नाही. प्रत्येक क्रियापद आपापलं नाम कडेवर घेऊनच कानावर आलं. इंग्रजी शब्दांचंही तसंच असतं. आपण मात्र ते शाळेत एकेकटे भेटून घेतले, समोर एका मराठी शब्दाची चिठ्ठी चिकटवून. ती चिठ्ठी काढून टाकली की अर्धं काम होतं.

आता मी काम करताना स्वतःला काय विचारते ते सांगते. पहिलं, अगदी रोखठोक: या शब्दाला सोबत कोण लागतं?

'म्हणणे', 'सांगणे', 'बोलणे' या तिघांना इंग्रजीत 'से', 'टेल' आणि 'स्पीक' किंवा 'टॉक' जवळपास एकास एक बसतात. तरीही जबाबांच्या भाषांतरांत मला सर्वांत जास्त लाल खुणा इथेच कराव्या लागतात. "साक्षीदाराने सांगितले की तो त्या रात्री घरी होता." नवखा माणूस 'ही टोल्ड दॅट' लिहून मोकळा होतो. मराठीत सांगताना ऐकणारा गाळला तरी चालतं. इंग्रजीतल्या 'टेल'ला ऐकणारा लगेच पुढ्यात लागतो. कुणाला सांगितलं? पोलिसांना? मग 'टोल्ड द पोलीस'. कागदावर ते नसेल तर 'सेड', आणि सहीचा जबाब असेल तर 'स्टेटेड'. इथे अर्थाचा काहीच वाद नाही, नुसती सोबतीची गरज आहे.

'स्टील' आणि 'रॉब' यांचंही तेच. चोरीला गेलेली वस्तू 'स्टील'च्या पुढे येते. ज्याचं गेलं तो माणूस, किंवा ती बँक, 'रॉब'च्या पुढे. पाकीट 'रॉब' होत नाही, पाकीटवाला होतो. मराठीतसुद्धा "मला लुटलं" म्हणतो, "मला चोरलं" म्हणत नाही. कान तयार आहे, त्याला विचारायचं फक्त राहून जातं.

फिर्यादीची भाषांतरं करत असाल तर इथे थोडं थांबा. कारण कायद्यात हे शब्द नुसते शैलीचे नाहीत, त्यांच्यावर शिक्षा ठरते. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात चोरी म्हणजे 'थेफ्ट' कलम ३०३ मध्ये आहे, जबरी चोरी म्हणजे 'रॉबरी' ३०९ मध्ये आणि दरोडा म्हणजे 'डकॉयटी' ३१० मध्ये. चोरी करताना मारहाण केली, अडवून धरलं किंवा जागीच इजा होईल अशी भीती घातली, तर ती जबरी चोरी. तेच पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलं तर दरोडा. वर्तमानपत्रं रक्कम मोठी दिसली की दरोडा म्हणतात, तिकडे लक्ष देऊ नका. डोकी मोजा. आणि 'घरफोडी'ला हात शिवशिवले तरी 'बर्गलरी' लिहू नका. तो शब्द विलायती कायद्यातला. आपल्या कायद्यात घरफोडीला 'हाउस-ब्रेकिंग'च म्हटलं आहे, अगदी आपल्या शब्दासारखं, घर आणि फोडणं.

आता 'भाडं'. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण या शब्दाने मला शिकवलं.

काम सुरू करून दोन-तीन वर्षं झाली होती. एका गृहस्थांचा फ्लॅट, त्यात राहणारा माणूस मुदत संपूनही जागा सोडत नव्हता. मुलगा परदेशात. त्याला आणि त्याच्या तिकडच्या सल्लागाराला समजावं म्हणून सगळा मराठी पत्रव्यवहार इंग्रजीत हवा होता. त्यात वडिलांनी लिहिलेल्या नोटिशीचा कच्चा मसुदाही होता. वडिलांची मराठी घरगुती: "आमचे भाडेकरू श्री. अमुक यांनी मे महिन्यापासून भाडे दिलेले नाही." मी बिनधास्त 'टेनंट' लिहिलं, 'रेंट' लिहिलं, वडिलांना 'लँडलॉर्ड' केलं. गुळगुळीत इंग्रजी, मला स्वतःलाच आवडलेलं.

दोन दिवसांनी त्यांच्या वकीलसाहेबांनी बोलावलं. टेबलावर माझी पानं, प्रत्येक 'टेनंट'भोवती पेन्सिलीने गोल. सतरा गोल होते, नंतर मोजले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, करारनामा वाचलात का?" नव्हता वाचला, तो भाषांतराला आलाच नव्हता. करारनामा होता लिव्ह अँड लायसन्सचा. "हा माणूस 'टेनंट' नाही हीच आपली सगळी केस. आणि तुम्ही आपल्याच कागदावर सतरा वेळा कबूल करून ठेवलंय की आहे."

मराठीत दोन्हीला आपण भाड्यानेच देतो. इंग्रजीत, म्हणजे आपल्या कायद्याच्या इंग्रजीत, 'लीज' आणि 'लायसन्स' या दोन वेगळ्या खोल्या आहेत. 'लीज'मध्ये जागेचा उपभोग घेण्याचा हक्कच ठरावीक काळासाठी दुसऱ्याकडे जातो. त्याची व्याख्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे. 'लायसन्स'मध्ये हक्क कुठेच जात नाही. एरवी जे करणं बेकायदा ठरलं असतं ते करायची नुसती परवानगी मिळते, आणि ही व्याख्या त्याच १८८२ सालच्या सुविधाधिकार कायद्यात आहे. महाराष्ट्राच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात तर कलम २४ प्रमाणे राहण्यासाठी घेतलेल्या लायसन्सची मुदत संपली की जागा परत द्यावी लागते, आणि न दिल्यास दुप्पट दराने नुकसानभरपाई. म्हणून त्या कागदांत राहणारा 'लायसन्सी', मालक 'लायसन्सर', आणि दरमहा येणारे पैसे 'रेंट' नव्हे, 'लायसन्स फी' किंवा 'कॉम्पेन्सेशन'.

नुसत्या नावावर न्यायालय निकाल देत नाही, हेही खरं. कागदाला काय म्हटलंय यापेक्षा कागदात काय दिलंय ते बघायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच सांगून ठेवलं आहे. पण म्हणून आपल्या हाताने समोरच्याला शब्द पुरवायचा नसतो. मी ती पानं बदलून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि त्या दिवसापासून मूळ करार पाहिल्याशिवाय 'भाडं' या शब्दाला हात लावत नाही.

बाकीचं 'भाडं' सोपं आहे, पण तेही एक नाही. घराचं 'रेंट', रिक्षाचं नि एस्टीचं 'फेअर', मांडवातल्या खुर्च्यांचं 'हायर', ट्रकने माल नेण्याचं 'फ्रेट'. तुमच्या वाक्यात नुसतं "भाडे रु. ४,०००" असेल तर आधी कशाचं ते शोधा. शब्द नंतर आपोआप येतो.

दुसरं जे मी विचारते ते म्हणजे, याच्या विरुद्ध काय? मला यासारखं हत्यार दुसरं सापडलेलं नाही. तुमची 'फ्रीडम-लिबर्टी'ची जोडी घ्या, आणि तिसरा 'इंडिपेन्डन्स'ही घ्या, कारण तिन्हींना आपण 'स्वातंत्र्य'च म्हणतो. 'इंडिपेन्डन्स'च्या विरुद्ध कुणावर तरी अवलंबून असणं किंवा दुसऱ्याच्या अमलाखाली असणं. म्हणून देशाचा दिवस 'इंडिपेन्डन्स डे' आणि आर्थिकदृष्ट्या स्वतःच्या पायावर उभी राहिलेली मुलगीही 'इंडिपेन्डन्ट'. 'फ्रीडम'च्या विरुद्ध बंधन, गुलामी, तुरुंग, अगदी भीतीसुद्धा. हा तिघांतला सर्वांत ऐसपैस शब्द, म्हणून स्वातंत्र्यसैनिक 'फ्रीडम फायटर'. 'लिबर्टी फायटर' कुणी म्हणत नाही. 'लिबर्टी'च्या विरुद्ध मात्र बहुधा सत्ता उभी असते. राज्य, सरकार, कायदा तुम्हाला जे मोकळेपण देतो किंवा काढून घेतो, ती 'लिबर्टी'. या शब्दाला कोर्टकचेरीचा वास आहे.

हे मी मनाने सांगत नाही. आपलं संविधान उघडा. अनुच्छेद १९ चे हक्क 'राइट टू फ्रीडम' या गटात आहेत आणि अनुच्छेद २१ मध्ये 'पर्सनल लिबर्टी' आहे. मसुद्यात आधी नुसतं 'लिबर्टी' होतं. मसुदा समितीने मुद्दाम 'पर्सनल' जोडलं. का, तर नुसतं 'लिबर्टी' फार रुंद होतं आणि आज १९ मध्ये जी स्वातंत्र्यं आहेत तीही त्यात शिरली असती. इतकी बारीक शिवण त्या लोकांनी घातली, आणि मराठीत आलं की दोन्हीकडे 'स्वातंत्र्य'. मराठी पाठाचा दोष नाही. आपल्याकडे शब्दच एक आहे. पण उलट दिशेने जाताना ही शिवण आपल्याला परत घालावी लागते.

तसंच 'युनियन' आणि 'फेडरेशन'. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी संविधानसभेला समजावून सांगितलं की 'फेडरेशन' न म्हणता 'युनियन ऑफ स्टेट्स' का म्हटलं आहे. घटक राज्यांनी आपसात करार करून हा संघ जन्मलेला नाही, म्हणून कुणाला त्यातून फुटून निघण्याचा हक्कही नाही. व्यवस्था संघराज्याची, पण नाव 'युनियन'. अशी जागा भाषांतरात आली की "दोन्ही चालतील" म्हणणाऱ्यावर माझा विश्वास उडतो.

'सेफ्टी' आणि 'सिक्युरिटी' याच हत्याराने सुटतात. 'सेफ्टी'च्या विरुद्ध अपघात, 'सिक्युरिटी'च्या विरुद्ध कुणाचा तरी वाईट हेतू, किंवा उद्याची अनिश्चितता. कारखान्यातलं हेल्मेट 'सेफ्टी'चं, फाटकावरचा माणूस 'सिक्युरिटी'चा. सोसायटीत आपण त्याला हाकही "सिक्युरिटी" अशीच मारतो, म्हणजे फरक तोंडात आहेच. 'हार्ड' आणि 'डिफिकल्ट' घ्या. एकाच्या विरुद्ध मऊही येतं आणि सोपंही, दुसऱ्याच्या विरुद्ध फक्त सोपं. म्हणून दगड 'डिफिकल्ट' नसतो.

'आर्थिक' हा शब्द दिसला की मात्र विरुद्धार्थ मदतीला येत नाही, तिथे कुणाचा पैसा हे विचारा. देशाची किंवा समाजाची एकूण घडी असेल तर 'इकॉनॉमिक', म्हणून आर्थिक पाहणी अहवाल म्हणजे 'इकॉनॉमिक सर्व्हे'. एखाद्या माणसाच्या, कंपनीच्या हातातला पैसा असेल तर 'फायनान्शियल'. सरकारचा कर आणि खर्च असेल तर 'फिस्कल'. चलन, व्याजदर, मुंबईच्या रिझर्व्ह बँकेचं काम असेल तर 'मॉनेटरी'. त्याला मराठी वर्तमानपत्रांनी 'पतधोरण' हा छान स्वतंत्र शब्द दिला आहे. आणि 'इकॉनॉमिकल' या सगळ्यांच्या रांगेत चुकून उभा राहिलेला पाहुणा, त्याचा अर्थ काटकसरीचा. "आर्थिक प्रश्नांवर चर्चा" यातला शब्द 'इकॉनॉमिकल' केला की तुम्ही प्रश्नच स्वस्तात काढलेत.

तिसरी गोष्ट, शब्द कुठल्या थरातला आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची तीन शतकं दरबार आणि कचेरीची भाषा फ्रेंच झाली. कोर्टातले वादविवाद इंग्रजीत चालावेत असा कायदा व्हायला १३६२ साल उजाडलं. खाली घराशेतातले जुने शब्द राहिले, वर फ्रेंच बसले, आणि पुढे विद्वानांनी लॅटिनचा तिसरा थर दिला. म्हणून 'आस्क', 'क्वेश्चन', 'इंटरॉगेट'. आई 'आस्क' करते, शिक्षक किंवा वकील 'क्वेश्चन' करतो, पोलीस 'इंटरॉगेट' करतात. अर्थ तिन्हींचा "विचारणे".

मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारण नाही. आपण पाणी पितो, खातं मात्र जलसंपदा. घर बांधतो, कर्ज गृहकर्ज. आणि आपल्याकडे तर एक फारसीचाही थर आहे. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी वकील आणि कागद आजही हजर आहेत. 'कागदपत्र' म्हणताना तर आपण फारसीतून आलेला आणि संस्कृत असे दोन्ही एकत्रच म्हणतो. 'धनदौलत' तसाच, 'बाजारहाट' तसाच. इंग्रज वकिलाच्या 'विल अँड टेस्टामेंट'मध्येही अशीच दोन थरांची मोट बांधलेली आहे. त्यामुळे कायद्याच्या जुन्या मजकुरात असे जोडशब्द आले की त्यांच्यात अर्थाचा फरक शोधत रात्र घालवू नका. काही जोड्या नुसत्या सवयीच्या असतात.

थराची चूक भारतीय इंग्रजीत एका दिशेनेच होते, वरच्या. आपल्याला साधं सोपं इंग्रजी अपुऱ्या कपड्यांसारखं वाटतं. 'बाय' लिहायचं तिथे 'परचेस', 'स्टार्ट'च्या जागी 'कमेन्स', 'हेल्प'च्या जागी 'असिस्टन्स'. एका आजोबांच्या आठवणींत "आईने मला विचारलं, जेवलास का?" या वाक्याचं 'माय मदर एन्क्वायर्ड' झालेलं मी पाहिलं आहे. ती आई राहिली नाही, चौकशी अधिकारी झाली.

आणि चौथी गोष्ट, हा शब्द कोणत्या बाजूने उच्चारला जातो. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या सिग्नल शाळेत नाविकांनी निकृष्ट जेवण आणि अपमानास्पद वागणुकीविरुद्ध काम थांबवलं. काही दिवसांत ते लोण सुमारे २० हजार नाविकांपर्यंत गेलं. त्यांनी स्वतःची समिती नेमली, तिचं नाव 'नेव्हल सेंट्रल स्ट्राइक कमिटी'. म्हणजे त्यांच्या लेखी हा 'स्ट्राइक', संप. वरिष्ठांच्या कागदांत तो 'म्युटिनी', बंड, कारण गणवेशातल्या माणसाला संपाचा हक्कच नाही असं ते मानतात. आणि आज मुंबईत त्याचं स्मारक आहे ते 'अपराइझिंग'चं, उठावाचं. घटना एक, दिवस तेच, माणसं तीच. तुम्ही यातला कुठला शब्द लिहिता त्यावरून वाचकाला तुम्ही कुठे उभे आहात ते दिसतं. भाषांतरकाराने इथे स्वतःची बाजू घ्यायची नसते. मूळ लेखकाने 'संप' लिहिलं असेल तर 'स्ट्राइक', 'बंड' लिहिलं असेल तर 'म्युटिनी', तुम्हाला मनातून काहीही वाटो.

बाजू नेहमी इतकी उघड नसते. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात मसुद्यात 'ऑल मेन' होतं. "मेन म्हणजे माणसं, त्यात बायका आल्याच," असं समर्थन होतं. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी ते मान्य केलं नाही, आणि १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारलेल्या मजकुरात 'ऑल ह्यूमन बीइंग्ज' आलं. या हंसाबेन आपल्या मुंबईच्या एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या. मराठीत हा पेच उभाच राहिला नसता. आपल्याकडे 'बाईमाणूस' असतं, 'माणूस' शब्दात बाई मावते. म्हणून मराठी 'माणूस'ला डोळे मिटून 'मॅन' करू नका.

साधनांबद्दल थोडक्यात. इंग्रजी-मराठी कोश शब्द ओळखायला ठेवा, निवडायला नको. निवडायला परभाषकांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या, त्यात शब्दाला पुढे काय लागतं आणि तो औपचारिक आहे की बोलीतला, हे दिलेलं असतं. समानार्थी शब्दांचा कोश, म्हणजे थिसॉरस, हा आठवणीसाठी असतो. पीटर मार्क रॉजे नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८५२ मध्ये तो छापला तेव्हा शब्द कल्पनेनुसार गटागटाने मांडले होते. एका गटात आहेत म्हणून एकमेकांच्या जागी बसतात असं नव्हे. माहीत नसलेला शब्द तिथून उचलू नका, ओळखीचा पण विसरलेला उचला. आणि दोन शब्दांत खरंच अडलात तर दोन्हींची दहा-दहा खरी वाक्यं समोर ठेवा, चांगल्या वर्तमानपत्रांतली किंवा निकालपत्रांतली. शेजारी कोण बसलंय ते बघा. दहा मिनिटं जातात, पण ती जोडी परत विचारावी लागत नाही. यंत्राने केलेलं भाषांतर मीही पाहते, नाही म्हणत नाही. पण त्याला 'भाडेकरू' दिलं की 'टेनंट' मिळतो, करारनामा न वाचलेल्या माझ्यासारखाच.

आता तुमची वाक्यं.

"कंपनीने कामगारांच्या सुरक्षेची जबाबदारी घेतली नाही." तुम्ही लिहिलंय की मजकूर प्रेसवर बोटं गेलेल्या कामगाराचा आहे. मग प्रश्नच नाही, 'सेफ्टी'. नोकरीची शाश्वती असा विषय असता तर 'सिक्युरिटी' आली असती.

"आर्थिक व्यवहारात ते अत्यंत चोख होते." हा मृत्युलेख आहे. इथे 'फायनान्शियल ट्रान्झॅक्शन्स' लिहिलंत तर गेलेले गृहस्थ लेखापरीक्षक वाटतील. 'ही वॉज स्क्रुप्युलस अबाउट मनी.' 'आर्थिक' आणि 'व्यवहार' दोन्ही गेले, हरकत नाही. शब्दाचं भाषांतर करायचं की नाही हाही निवडीचाच भाग आहे.

"आजी गेली आणि गावच्या घराला कुलूप लागलं." तुम्ही 'हाउस' की 'होम' एवढंच विचारलंय, पण आधी 'गेली' बघा. 'एक्स्पायर्ड' लिहू नका. आपल्याकडे हॉस्पिटलच्या कागदांवरून तो घरात शिरलाय, बाहेरच्या वाचकाला मात्र त्यातून मुदत संपलेलं दूध दिसतं. 'पास्ड अवे' चालेल, पण तुमचा लेखक इतरत्र कुठेही हळवा होत नाही, तर इथेच का? 'डाइड' लिहा. मग 'हाउस'. 'होम'मध्ये माणसं लागतात, आणि वाक्य तीच संपल्याचं सांगतंय. उरलं कुलूप. 'लॉक्ड' एवढंच लिहिलं तर ते बाजारात जाताना लावलेलं कुलूप होतं. घर कायमचं बंद करून ठेवणं याला इंग्रजीत नेमका वाक्प्रचार 'शट अप' आहे, पण तो वाचून आपल्याकडचा प्रत्येक जण आधी हसेल, आणि हे वाक्य हसण्याच्या जागी नाही. म्हणून मी 'लॉक्ड अप' घेईन: 'माय ग्रँडमदर डाइड, अँड द हाउस इन द व्हिलेज वॉज लॉक्ड अप.' मधल्या 'अँड'च्या जागी 'सो' टाकायचा मोह होईल. टाकू नका, लेखकाने 'आणि' लिहिलंय.